अजून एक दिसतंय

मामंजी, घर शाकारून झालं. हे तुम्हाला आधी सांगते, बाकीचं मग. तुम्ही असता तर अंगणात उभं राहून, मान वर करून, आढ्यापासून पडवीपर्यंत नजर फिरवली असती आणि "बरं हाय" एवढंच म्हणाला असता. तुमचं "बरं हाय" म्हणजे दुसऱ्या कुणाचं "वा, काय झकास काम झालंय" असायचं. या वर्षी ते कोणी म्हटलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. तेराव्याची मोठी पातेली परत गेली, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि घर असं काही गप्प झालं, की दुपारी छपरावरून वानरं धडधडत गेली तेव्हा मला बरं वाटलं. मला, वानरांमुळे बरं वाटलं! तुम्ही असता तर पोट धरून हसला असता.

सुनेला सासऱ्याबद्दल लिहिण्यासारखं एवढं काय असतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाटू दे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सुनेने सासऱ्याशी समोरासमोर, थेट बोलायचं नाही, अशी रीत होती. तुमच्या आंघोळीचं पाणी तापलं की मी सासूबाईंना म्हणायची, "मामंजींना सांगा, पाणी तापलंय." तुम्ही हाताच्या अंतरावर बसलेले असायचा, सगळं ऐकलेलं असायचं. तरी सासूबाई ते पुन्हा तुम्हाला सांगायच्या आणि मगच तुम्ही उठायचा. सासूबाई घरात नसल्या तर मी भिंतीला सांगायची. एकदा गोठ्यातल्या गाईला सांगितलंय. तुम्हीही काही कमी नव्हता. भात करपला तर चुलीकडे न बघता पडवीतल्या खांबाला विचारायचा, "काय करपतंय रं?"

मी खाडीकाठची, पेणच्या पलीकडची. आमची माणसं मिठागरावर राबणारी. तुमचं गाव आत, रोह्याच्या बाजूला, भाताचं आणि वालाचं. अंतर म्हणाल तर एका एसटीचं, पण मी "मला" ऐवजी "मना" म्हटलं की आपल्या आळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मग मी बोलायचंच कमी केलं. पहिले काही महिने या घरात माझा आवाज कोणी धड ऐकला असेल असं मला वाटत नाही.

तो तुम्ही ऐकलात, आणि तोही छपरावरून.

वैशाखात घर शाकारायचं हे मला नवीन नव्हतं. पण तुमच्या घरची पद्धत वेगळी होती. सकाळच्या गारव्यात तुम्ही वर चढायचा. वर्षभरात मांजरांनी, वानरांनी आणि वाऱ्याने हललेली नळीची कौलं ओळीने उचलायची, पालापाचोळा झाडायचा, फुटकी खाली द्यायची, धड असलेली पुन्हा एकात एक बसवायची. ते सगळं झालं की उन्हं डोक्यावर यायची आणि मग खरं काम सुरू व्हायचं. खाली घराची दारं-खिडक्या लावून अंधार करायचा. जिथे कौल नीट बसलं नसेल तिथे उजेडाचा ठिपका दिसायचा. अंधारात उभ्या असलेल्या माणसाने लांब काठीने तिथे ठोकायचं आणि हाक द्यायची. वरच्याने ठोका ऐकून कौल सरकवायचं आणि विचारायचं, "आता?" हे काम वर्षानुवर्षं सासूबाईंनी केलं होतं. पण त्या वर्षी त्यांना ठिपके दिसेनासे झाले. त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माझं डोळं गेलं गो. तू बघ आता."

आता बघायचं म्हणजे हाक मारायची, आणि हाक कुणाला मारायची, तर तुम्हाला. मी काठी धरून घामाघूम उभी. वरून तुमचा आवाज आला, "दिसतंय का काय?" मी म्हटलं, "दिसतंय. तिकडं." तुम्ही म्हणालात, "तिकडं म्हंजे कुठं? मला हितनं तुझं तिकडं दिसत नाय. काठी मार." मी ठोकलं. खट्कन आवाज झाला, ठिपका गेला. "आता?" "आता नाय."

असं देव्हाऱ्यापासून चुलीपर्यंत आलो. चुलीच्या वर छप्पर खाली उतरतं, तिथे तुम्ही अगदी माझ्या डोक्यावर होता. ओलं गोणपाट टाकून त्यावर बसला होता, त्याचं पाणी एका फटीतून माझ्या हातावर ठिबकत होतं. आणि तुम्ही विचारलंत, "पोरी, हितं करमतंय का तुला?"

समोर विचारलं असतंत तर मी मान हलवून आत पळाले असते. पण समोर कोणी नव्हतं. कौलं होती. मी कौलांना सांगितलं, "मना नाय करमत. घरला मीठ काढायचं काम चालू झालं असंल. सगली तिथंच असतील."

मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. मग खट्कन कौल बसलं. "आता?" "आता नाय."

रात्री जेवताना तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "व्याह्यांकडं जाऊन मीठ आणाया पायजे." सासूबाई म्हणाल्या, "मीठ हाय की मडक्यात, काठोकाठ." तुम्ही म्हणालात, "ते संपंल. हिला संगती नेतो. मला मीठ पारखता येत नाय." मामंजी, तुमच्या घरात त्या वेळी इतकं मीठ होतं की अख्ख्या आळीची लोणची झाली असती.

एसटीत आपण एका बाकावर बसलो, पण मध्ये एक अनोळखी बाई बसवून. वाटेत गडब गावाला गाडी थांबली तेव्हा तुम्ही खिडकीतून करवंदांचा द्रोण घेतलात आणि त्या बाईला म्हणालात, "हे तिकडं द्या." त्या बाईने आधी त्यातली मूठभर खाल्ली, मग मला दिली. मला माहेरी सोडून तुम्ही मिठाची पिशवी घेऊन परत गेलात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत मला न्यायला कोणी आलं नाही. त्या दिवसांत मी पोटभर माहेर जगले. आणि खरं सांगते, परत यायची ओढसुद्धा तिथेच लागली. त्या घरात एक माणूस आपलं ऐकतं, हे कळलं होतं ना.

त्यानंतर आपलं बोलणं वर्षातून एकदाच व्हायचं, पण बोलणं असं की वर्षभर पुरायचं. मी साठवून ठेवायची. कुणाचं काय खटकलं, कुणाला काय सांगायचं राहिलं, सगळं वैशाखासाठी बाजूला. अंगणवाडीत मदतनीस घेणार आहेत हे मी ह्यांना सांगायच्या आधी कौलांना सांगितलं. तुम्ही विचारलंत, "तुला जायाचंय का?" मी म्हटलं, "जायचंय." संध्याकाळी ह्यांनी तोंड उघडायच्या आत तुम्ही खांबाला सांगून मोकळे, "ती जाईल. भाकरी मी टाकीन दुपारची." तुम्ही भाकरी टाकल्याचं मला तरी आठवत नाही. पण मी गेले, आणि केस पांढरे होईपर्यंत जात राहिले. आज माझ्या हातात जे काही आहे, त्यातलं बरंचसं त्या काळोख्या खोलीत मिळालेलं आहे. हे तुम्हाला समोर बसून कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

भांडणंही तिथेच झाली. जांभळाच्या फांदीचं भांडण आपण किती वर्षं चालवलं! परसातलं ते जांभूळ वाढत वाढत छपरावर आलं. त्याचा पाला घर आणि पडवी जोडणाऱ्या पन्हळीत साचायचा, पाणी तुंबून भिंतीत उतरायचं. वर जांभळं पिकली की वानरांची जत्रा. मी दरवर्षी खालून ओरडायची, "मामंजी, ती फांदी तोडा." तुम्ही वरून म्हणायचा, "पुढल्या वर्षाला बघू." एकदा मी फारच लावून धरलं तेव्हा म्हणालात, "झाड आधी आलं, घर मागनं. त्यानं कुठं जावं?" मी म्हटलं, "मग आपणच जाऊ झाडावर ऱ्हायला." वरून हसण्याचा आवाज आला आणि एक जांभूळ फटीतून नेमकं माझ्या कपाळावर पडलं. ते तुम्ही मुद्दाम टाकलं होतं, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे.

सासूबाई गेल्या त्या वर्षीची गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही त्यांच्या जाण्यावर एक शब्द काढला नव्हता. डोळ्यांत पाणीही नाही. शाकारणीला वर चढलात, मुकाट्याने काम केलंत. मी ठोकायची, तुम्ही सरकवायचा, "आता?" एवढंच. शेवटचा ठिपका गेला, माझ्या खोलीत मिट्ट काळोख झाला, तरी तुम्ही उतरेनात. वर हालचालही नाही. शिडी तशीच. त्या उन्हात तुम्ही आढ्याजवळ बसून राहिलात आणि मी खाली काठी धरून उभी. मला भीती वाटायला लागली. सासूबाईंचं नाव काढावं तर जीभ उचलेना. शेवटी मी उगाच एका जागी काठी मारली आणि ओरडले, "मामंजी, अजून एक दिसतंय."

तिथे काहीही दिसत नव्हतं.

थोड्या वेळाने गोणपाट सरकल्याचा आवाज झाला. तुम्ही त्या जागेपाशी आलात. खट्कन कौल वाजलं. "आता?" मी म्हटलं, "आता नाय." मग तुम्ही म्हणालात, "तुझी सासू लय जोरात ठोकायची. दोन कौलं तर तिनंच फोडली असतील." आणि तुम्ही बोलत राहिलात. त्यांच्याबद्दल बोललात, त्यांच्या भांडणांबद्दल, त्यांच्या हातच्या वालाच्या बिरड्याबद्दल. अंगणात सावली आली तेव्हा कुठे उतरलात.

त्यानंतर दरवर्षी काम संपलं की मी एक खोटा ठिपका सांगायची. तुम्ही तो बुजवायचा आणि आपण आणखी थोडं बोलायचो. मला वाटायचं, म्हाताऱ्याला काही कळत नाही. मनातल्या मनात हसायचीसुद्धा.

पुढे तुमचे गुडघे गेले आणि हे वर चढायला लागले. तुम्ही ओट्यावर बसून सूचना द्यायचा. ह्यांना वर चढवून काही उपयोग नव्हता. काम चोख करतील, पण बोलायचं म्हटलं तर नुसतं "हूं." मी खोटा ठिपका सांगितला तर हे वरून खेकसले, "इथं काय नाय. डोळं तपास."

एव्हाना रीतही गळून गेली होती. मी तुम्हाला समोरून चहा देत होते, गोळ्या देत होते, ओरडतही होते. पण सवय एकदा लागली की सुटत नाही, समोरासमोर आपल्याला बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं, तेव्हा तुमची खाट माजघरात घातली. मी पायाशी बसून राहायची आणि बोलायला काही सुचायचं नाही. एवढं आयुष्य एका घरात काढलं, आणि मी मुकी. तुम्ही वर बघत पडलेले. जन्मभर त्याच छपराखाली निजलात, पण दिवसा कधी आडवे झाला नव्हता.

त्या दुपारी मी अशीच बसले होते. तुम्ही हात उचललात, देव्हाऱ्याच्या वर बोट दाखवलंत आणि म्हणालात, "पोरी, अजून येक दिसतंय."

मी वर बघितलं. मला काहीच दिसलं नाही. मला वाटलं, नजर गेली, किंवा भ्रम झालाय. तरी मी उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि तिथे मारली. "इथं?" "व्हय, तिथंच." मी म्हटलं, "बुजवते. शाकारणीला पहिलं तेच बुजवते." तुम्ही म्हणालात, "बुजव." आणि मग मला विचारलंत, "त्या गडबच्या बाईनं तुझी किती करवंदं खाल्ली गो?"

त्या दुपारी आपण किती बोललो, मामंजी! मिठापासून जांभळापर्यंत सगळं. मध्येच तुम्हाला धाप लागायची, मी पाणी द्यायची, तुम्ही पुन्हा सुरू. पुढे दोनच दिवसांत तुम्ही गेलात.

तेरावं झाल्यावर भाऊजी, तुमचे धाकटे चिरंजीव, म्हणाले, "आता कौलं काढूया. पत्रा टाकू." रोह्याजवळ वरसे गावात त्यांची स्लॅबची खोली आहे, त्यांना शाकारणी ठाऊक आहे ती लहानपणची. पण ते चुकीचं बोलत नव्हते. वानरं आटोपत नाहीत, कौलं मिळत नाहीत, शाकारायला माणसं मिळत नाहीत, ती सगळी कंपनीत गेली. पत्र्यावाल्याशी त्यांनी बोलणीही केली होती. मी म्हटलं, "या वर्षी नाही. देव्हाऱ्यावरचं एक कौल बुजवायचं राहिलंय." भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. "वहिनी, पत्रा टाकल्यावर ते कौलच राहणार नाय." मी म्हटलं, "म्हणूनच सांगतेय. आधी ते बुजवणार. मी त्यांना शब्द दिलाय." माझा आवाज चढला होता. शेवटी हे म्हणाले, "या वर्षी शाकारू. पुढचं पुढं." आमच्या संसारात ह्यांचं मला इतकं बरं वाटलेलं दुसरं वाक्य नाही.

पण चढणार कोण? ह्यांची कंबर धरलेली, लेक कंपनीत डबल शिफ्टला. ज्याला सांगितलं होतं तो "आज येतो, उद्या येतो" करत राहिला. दुपारनंतर आभाळ भरून यायला लागलं आणि माझा जीव वरखाली. एका सकाळी मी साडीचा कासोटा मारला आणि शिडीला हात घातला. हे म्हणाले, "या वयात?" मी म्हटलं, "तुम्ही शिडी धरा. तोंड धरलंत तरी चालेल." खाली काठी घेऊन आपली नातसून स्नेहल. माझ्याशी ती खुशाल वाद घालते, मला समजावते, चिडवतेही. तिला हा सगळा प्रकार नवा होता. "आई, मी नुसतं अंधारात उभं राहायचं?" मी म्हटलं, "हो. आणि खरं बोलायचं."

मामंजी, मला भीती वाटली. कौलावर पाय द्यायचा तो खाली वासा असेल तिथेच द्यायचा, हे तुम्हीच वरून बोलता बोलता सांगितलेलं होतं. मी छप्पर खालून पाठ केलेलं. वासा कुठे आहे, कुठे किडलाय, ते मला न बघता ठाऊक होतं. त्या भरवशावर वर सरकले. आणि वर गेल्यावर पहिलं काय बघितलं असेल? पन्हळ. जांभळाच्या पाल्याने गच्च भरलेली, वर माती साचून त्यात रोपं उगवलेली. मीच बरोबर होते. इतकी वर्षं मीच बरोबर होते. फांदी तोडणार आहे, तुम्ही रागावलात तरी. जांभळं पिकून संपली की तोडते.

ओळीने कौलं चाळत, दुपारी मी देव्हाऱ्याच्या वर आले. म्हणजे सुरुवात तिथूनच करायची होती, पण धीर झाला नाही, म्हणून ती जागा शेवटाला ठेवली होती. हाक दिली, "स्नेहल, देव्हाऱ्याच्या वर बघ. किती मोठं आहे?"

"आई, इथं काहीच नाहीये."

"नीट बघ. काठी मार."

तिने मारली. अगदी माझ्या तळहाताखाली ठोका बसला. "इथं ना? अंधार आहे नुसता."

मी वाकून बघितलं. कौलं एकात एक घट्ट बसली होती. मागच्या पावसातलं शेवाळ त्यांच्या सांध्यावर वाळून चिकटलेलं होतं, इतकं की वर्षभरात त्यांना कोणी हात लावला नव्हता हे सरळ कळत होतं. मांजराने नाही, वानराने नाही. तिथे फट नव्हती. तुम्ही खाटेवर पडून बोट दाखवलंत तेव्हाही नव्हती.

आणि वर बसल्यावर दुसरंही कळलं. एकदा ठोका बसला की ती जागा वरून स्पष्ट दिसते. कौल बसलंय की हललंय, हे बघायला खालच्याला विचारावं लागत नाही. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. सासूबाई गेल्या त्या वर्षीही ठाऊक होतं आणि त्यानंतर दरवर्षी. मी खोटा ठिपका सांगायची, तुम्ही तो खरा मानून घ्यायचा, नीट बसलेलं कौल उचलून पुन्हा बसवायचा, आणि विचारायचा. आणि त्या दुपारी, मी मुकी होऊन बसले होते तेव्हा, माझाच ठिपका तुम्ही मला परत दिलात.

मी तिथेच ओल्या गोणपाटावर बसून राहिले. तुमच्या तेराव्यालाही मी रडले नव्हते. खालून स्नेहलचा आवाज आला, जरा घाबरलेला. "आई? आहात ना वर?"

मी डोळे पुसले आणि ते कौल उचललं. शेवाळ कडकड सुटलं.

"आई, आता दिसतंय," ती म्हणाली. "केवढं मोठं."

मी कौल पुन्हा जागेवर बसवलं. खट्कन आवाज झाला.

"आता?"

"आता नाही."